पहिल्या इनिंगचा अंदाज: ६२ टक्क्यांचं मॉडेल ५१ वर का आलं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही मेजर लीग बेसबॉलच्या २०२३ आणि २०२४ या दोन हंगामांची माहिती उतरवून घेतली. 'पहिल्या इनिंगमध्ये दोहोंपैकी कुठल्याही संघाचा रन होईल की नाही' याचं हो-नाही उत्तर देणारं रँडम फॉरेस्ट मॉडेल (अनेक निर्णयवृक्षांची मतं एकत्र करणारं) बनवलं. फीचर्स, म्हणजे मॉडेलला दिलेली माहिती, तीन प्रकारची: दोन्ही पिचरांची (चेंडू टाकणाऱ्यांची) पहिल्या इनिंगमधली कामगिरी, दोन्ही संघांची पहिल्या इनिंगमध्ये रन करण्याची टक्केवारी आणि मागच्या दहा सामन्यांचा कल. जुन्या सामन्यांवर ६२ टक्के उत्तरं बरोबर आली. मग २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही रोज सामना सुरू होण्याआधी अंदाज लिहून ठेवलेत, तेव्हा १४० पैकी ७२ बरोबर निघाले, म्हणजे ५१ टक्के. गाईड म्हणताहेत फीचर्स वाढवा, आणि तुम्ही विचारताय की कुठली वाढवू.

माझं म्हणणं, सध्या एकही वाढवू नका. मी अमेरिकेत बरीच वर्षं बेसबॉलच्या आकड्यांवर काम करतोय आणि इनिंगवार मॉडेलं हे त्यातलं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचे ६२ टक्के खरे नव्हते, आणि ५१ टक्के दिसतात तेवढे वाईट नाहीत. त्यामुळे घसरण का झाली यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर मुळात किती कळू शकतं, हे आधी बघू.

आधी पाया. इनिंगचे दोन हाफ असतात. वरच्या हाफमध्ये तीन जण आउट होईपर्यंत पाहुणा संघ बॅटिंग करतो, खालच्यात यजमान. एका हाफमध्ये एकही रन न होण्याची शक्यता पहिल्या इनिंगमध्ये साधारण ७० ते ७२ टक्के धरा. दोन्ही हाफ कोरडे जायला हवेत म्हणून गुणाकार करा: ०.७२ गुणिले ०.७० म्हणजे जवळजवळ ५० टक्के. हंगाम बदलला की आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण मुक्काम अर्ध्याच्या आसपासच असतो. सट्ट्याच्या भाषेत याला 'नर्फी' आणि 'यर्फी' म्हणतात, पहिला 'रन नाही', दुसरा 'रन आहे', आणि हा बाजार एवढा चालतो तो याच कारणाने, की दोन्ही बाजू जवळपास सारख्या भरतात.

इथे एक गंमत आहे, प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत उपयोगी पडेल. एका हाफमध्ये सरासरी अर्धा रन होतो. तुम्ही पॉइसन वितरण (एकेकट्या, स्वतंत्र घडणाऱ्या घटनांचं सूत्र) लावलंत तर शून्य रनची शक्यता ६१ टक्के येते. प्रत्यक्षात ती ७० च्या वर असते. कारण बेसबॉलमध्ये रन एकटेदुकटे येत नाहीत. बेसवर (रन पूर्ण करायच्या वाटेवरच्या थांब्यांवर) कुणी नसताना साधा हिट बसला तर रन होत नाही, बेस भरलेले असताना तोच हिट दोन रन देतो. म्हणून बरेच हाफ कोरडे जातात आणि थोड्या हाफमध्ये तीन-चार रन पडतात. सरासरी रनवरून थेट 'रन होईल की नाही' काढणारी मॉडेलं इथेच चुकतात. एखादा संघ पहिल्या इनिंगमध्ये सरासरी जास्त रन करतो याचा अर्थ तो जास्त वेळा रन करतो असा होतोच असं नाही. दोन सामन्यांत पाच-पाच रन झाले की सरासरी फुगते.

आता ६२ कुठून आले ते. तुमच्या वर्णनावरून मला दाट संशय आहे की पिचरची पहिल्या इनिंगची कामगिरी तुम्ही हंगामाच्या शेवटच्या तक्त्यातून घेतली. एप्रिलमधल्या सामन्याच्या ओळीतही तोच सप्टेंबरअखेरचा आकडा. म्हणजे ज्या सामन्याचा अंदाज करायचा, त्याचा निकाल त्या आकड्यात आधीच मिसळलेला. एरवी हे फारसं जाणवलं नसतं, पण पहिली इनिंग म्हणजे एका सामन्यात एकच. नियमित पिचर हंगामात तीसेक सामने सुरू करतो, तेव्हा त्याच्या आकड्यात प्रत्येक सामन्याचा वाटा तिसावा हिस्सा. दोन पिचर, दोन संघ, वर मागच्या दहा सामन्यांचा कल. तोही आजचा सामना धरून काढला असेल तर अजून भर. रँडम फॉरेस्टला एवढं पुरतं. त्याने बेसबॉल नाही शिकलं, उत्तरपत्रिका वाचायला शिकलं. जुलैमध्ये उत्तरपत्रिका समोर नव्हती, म्हणून ५१.

उपाय कंटाळवाणा आहे पण दुसरा नाही. प्रत्येक ओळीतलं प्रत्येक फीचर आदल्या दिवसापर्यंतच्याच माहितीवर काढा. आणि ट्रेन-टेस्ट विभागणी पत्ते पिसल्यासारखी करू नका, तारखेने करा: आधीचे महिने शिकायला, नंतरचे तपासायला. रेट्रोशीट या वेबसाइटवर प्रत्येक सामन्याची बॅटरवार नोंद फुकट मिळते, त्यावरून हे सगळं करता येतं.

हे केल्यावर आकडा ५४ च्या आसपास आला तर खूश व्हा. का, ते बघा. चांगले पिचर समोरासमोर, मैदान पिचरांना साथ देणारं, अशा दिवशी दोन हाफ कोरडे जाण्याची शक्यता समजा ७८ आणि ७६ टक्के, गुणाकार ५९. दोन्ही पिचर साधारण, बॅटिंग दमदार, तर ६६ आणि ६४, गुणाकार ४२. म्हणजे टोकाच्या दिवशीसुद्धा आपण ५० पासून आठ-नऊ टक्केच हलतो, आणि बहुतेक सामने या टोकांच्या मध्येच असतात. सामन्यागणिक खऱ्या शक्यतेचं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीपासून ती साधारण किती लांब जाते) पाच टक्के धरलं, तर देवाने स्वतः मॉडेल लिहिलं तरी हो-नाही उत्तरं ५४ टक्केच बरोबर येतील. ब्रायर स्कोअर (अंदाजातल्या चुकीच्या वर्गाची सरासरी, कमी तेवढा चांगला) बघितलात तर डोळे झाकून ५० टक्के म्हणणाऱ्याचा ०.२५, आणि या सर्वज्ञ मॉडेलचा ०.२४७५. फरक तिसऱ्या दशांश स्थळावर. गाईडना हे गणित दाखवा, फीचर्स वाढवायचा आग्रह कमी होईल.

याच गणितातून तुमच्या ५१ बद्दलही कळतं. १४० सामन्यांवर नुसत्या योगायोगाने चार टक्के वरखाली होतात. तुमचं मॉडेल खरंच ५४ चं असतं तरी ५१ दिसणं अगदी शक्य होतं. तुमचं मॉडेल ५४ चं नव्हतं, पण हे १४० सामन्यांवरून सिद्ध होत नाही. मेजर लीगच्या एका हंगामात २,४३० सामने होतात. निदान एक अख्खा हंगाम न शिकवता बाजूला ठेवा आणि त्यावर तपासा.

आता आत काय घालायचं, तिकडे वळू. पहिला मान पिचरचा, पण त्याच्या 'पहिल्या इनिंगच्या' आकड्यांचा नाही. टीव्हीवर समालोचक सांगतात, 'या पिचरला सुरुवातीला त्रास होतो', आणि पडद्यावर पहिल्या इनिंगचा वेगळा ईआरए (पिचरच्या खात्यावर धरलेल्या रनांची दर नऊ इनिंगमागची सरासरी) येतो. तो तीस इनिंगवरचा आकडा असतो. समजा एका पिचरने ३० पैकी २५ वेळा पहिला हाफ कोरडा घालवला, म्हणजे ८३ टक्के. लीगची सरासरी ७१ धरा. पिचरा-पिचरांत खऱ्या कौशल्याचा फरक चारेक टक्क्यांचा मानला, तर हिशेबाने त्या ८३ ला वजन मिळतं फक्त १९ टक्के. बाकी सगळं सरासरीकडे ओढलं जातं आणि उत्तर येतं ७३. बारा टक्क्यांचा फरक दोन टक्क्यांवर आला. हे ओढणं मॉडेलच्या आधी तुम्ही हाताने करा, मॉडेल आपण होऊन करत नाही.

त्यापेक्षा त्याची एकंदर कामगिरी घ्या: किती टक्के बॅटरांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट) करतो, किती जणांना वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस) देतो, आणि फटके जमिनीलगत जातात की हवेत. हे आकडे शेकडो बॅटरांवर ठरतात, म्हणून लवकर भरवशाचे होतात. पहिल्या इनिंगला जे विशेष आहे ते पिचरच्या स्वभावात नसून परिस्थितीत असतं. एकीकडे पिचर ताजा असतो, बॅटरांनी त्या दिवशी त्याला अजून पाहिलेलं नसतं. दुसरीकडे समोर संघाचे सर्वात चांगले तीन-चार बॅटर ओळीने येतात. दुसरी बाजू जड पडते, म्हणूनच पहिल्या इनिंगमध्ये सरासरी जास्त रन होतात आणि दुसरीत एकदम कमी. दुसरीत बहुधा ऑर्डरचा खालचा भाग बॅटिंगला येतो.

पिचरच्या बाबतीत अजून एक गोष्ट मी नेहमी बघतो: मागच्या दोन-तीन सामन्यांत त्याच्या फास्टबॉलचा वेग घसरलाय का. दुखापतीनंतर परतलेल्या पिचरकडे जुन्या आकड्यांवरून पाहणं धोक्याचं. पण हे प्रत्येकाला एकाच सूत्राने लागू करता येत नाही, काहीजण एप्रिलमध्ये हळू सुरू होतात आणि जूनमध्ये ठीक होतात.

तुमच्या यादीत जे मुळीच नाही ते म्हणजे बॅटिंग ऑर्डर. माझ्या मते तुमच्या मॉडेलमधली सर्वात मोठी पोकळी हीच. संघाची टक्केवारी घेऊन काय उपयोग, पहिल्या इनिंगमध्ये संघ खेळत नाही, पहिले तीन-चार जण खेळतात. हा एकच टप्पा आहे जिथे कोण बॅटिंगला येणार हे सामन्याआधी पक्कं ठाऊक असतं. समजा पहिल्या तिघांची बेसवर पोचण्याची शक्यता ०.३३५, ०.३५० आणि ०.३४५ आहे. तिघेही आउट होण्याची शक्यता ०.६६५ गुणिले ०.६५० गुणिले ०.६५५, म्हणजे २८ टक्के. डबल प्लेमुळे (एकाच चेंडूवर दोघे आउट) किंवा बेस चोरताना कुणी सापडल्यामुळे हाफ तिघांत आटोपण्याची शक्यता थोडी वाढते, तरी दहापैकी सातेक वेळा चौथा बॅटर येतो. समोर जबरदस्त पिचर असेल, समजा प्रत्येकाला २७ टक्केच संधी देणारा, तर तिघे आउट व्हायची शक्यता ३९ टक्के होते. चौथ्या नंबरवर कोण आहे यावर मग बरंच अवलंबून.

पहिला बॅटर तर खास. तो आउट झाला तर त्या हाफमध्ये रन व्हायची शक्यता पंधरा-सोळा टक्क्यांवर येते, पहिल्या बेसवर पोचला तर चाळीसच्या वर जाते. एका माणसावर एवढा फरक. आणि हल्ली संघ सर्वात मोठा फटकेबाज चौथ्या नंबरवर न ठेवता वर आणतात. ॲरन जज दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर येतो, शोहेइ ओहतानी तर २०२४ च्या मध्यापासून बहुतेक वेळा पहिल्याच. ओहतानीने २०२४ मध्ये ५४ होमरन मारले. म्हणजे बॅटिंगला आला की साधारण सात टक्के वेळा चेंडू कुंपणापार. पुढच्या कुणी काही केलं नाही तरी तेवढी शक्यता पहिल्या काही चेंडूंतच जमा झाली. २०२५ च्या नॅशनल लीग चँपियनशिप मालिकेच्या चौथ्या सामन्यात त्याने वरच्या हाफमध्ये पिचर म्हणून पहिल्या बॅटरला वॉक दिला, पुढचे तिघे स्ट्राइकआउट केले आणि खालच्या हाफमध्ये स्वतः पहिला येऊन होमरन मारला. असा खेळाडू तुमच्या तक्त्यात दोन रकान्यांत बसतो, त्याला नीट हाताळा.

अंतिम ऑर्डर सामन्याच्या काही तास आधी जाहीर होते. तोवर केलेला अंदाज कच्चा समजा. मुख्य बॅटरला विश्रांती दिली, किंवा पिचर ऐनवेळी बदलला, तर सकाळचा आकडा फेकून द्या.

घरचा फायदा पहिल्या इनिंगमध्ये ठळक दिसतो, आणि त्यामागे एक साधं कारण सांगितलं जातं. यजमान पिचर वॉर्म-अप करून थेट मैदानात येतो. पाहुणा पिचर वॉर्म-अप करतो आणि मग आपला संघ बॅटिंग करत असताना बसून राहतो. तो हाफ लांबला तर तो थंड पडतो. म्हणून दोन हाफांसाठी एकच मॉडेल वापरू नका. दोन वेगळे आकडे काढून गुणाकार करा; मैदान, हवा, अंपायर दोन्हीकडे सारखे असल्याने थोडासा संबंध राहतो, पण तो दोन्ही हाफांत तीच फीचर्स दिली की बहुतांशी सांभाळला जातो.

'ओपनर'ची अडचण तुम्हाला नक्की आली असेल. १९ मे २०१८ ला टँपा बे रेज संघाने सर्जिओ रोमो या एरवी शेवटच्या इनिंगमध्ये येणाऱ्या पिचरला एंजल्स संघाविरुद्ध सुरुवातीला उतरवलं. एंजल्सचे वरचे बॅटर उजव्या हाताचे, रोमोही उजवा. त्याने तिघांना स्ट्राइकआउट केलं आणि नेहमीचा पिचर नंतर आला. ही युक्ती नेमकी पहिल्या इनिंगसाठीच शोधलेली आहे. तुमच्या माहितीत अशा सामन्यांत 'सुरुवातीचा पिचर' म्हणून रिलीव्हरचं (एरवी नंतर येणाऱ्या बदली पिचरचं) नाव असतं आणि पहिल्या इनिंगचे त्याचे आकडे मूठभर असतात. त्याचे सगळ्या इनिंगचे आकडे घेतलेत की प्रश्न मिटतो.

मैदानाबद्दल सगळेच लिहितात, मी थोडक्यात आटोपतो. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फुटांवर आहे, हवा विरळ, चेंडू लांब जातो आणि वळतोही कमी. तिथे चेंडू २००२ पासून आर्द्रता राखणाऱ्या कपाटात ठेवतात, तरी ते सर्वात जास्त रनांचं मैदान राहिलंय. सिएटल आणि सान फ्रान्सिस्को दुसऱ्या टोकाला. शिकागोच्या रिगली फील्डचा मात्र एक आकडा देऊ नका. मिशिगन सरोवराकडून वारा आत येत असेल तर ते वेगळं मैदान, बाहेर जात असेल तर वेगळं. तुमच्या २०२५ च्या सामन्यांत आणखी एक खड्डा आहे: वादळाने आपल्या मैदानाचं छप्पर उडाल्यामुळे टँपा बेचा संघ तो हंगाम टँपाच्या स्टाइनब्रेनर फील्डवर खेळला आणि ॲथलेटिक्स हा संघ ओकलंड सोडून सॅक्रामेंटोला गेला. दोघांचे जुने घरचे आकडे तिथे लागू नव्हते. मॉडेलला 'घर' म्हणजे संघ न सांगता मैदान सांगा. होम प्लेटचा अंपायर आणि कॅचर यांचाही परिणाम असतो, पण एका इनिंगवर तो एवढा बारीक की प्रोजेक्टसाठी सोडून दिलात तरी चालेल.

मागच्या दहा सामन्यांचा कल काढून टाका. लीगमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येकाच्या नावाने दहा वेळा नाणं उडवलंत तर दहापैकी आठ किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता साडेपाच टक्के, म्हणजे कुठल्याही दिवशी एक-दोन संघ नुसत्या नाण्यावर 'फॉर्मात' दिसतील. त्यांचाच तक्ता रोज सोशल मीडियावर फिरतो. २०२३ आधीची माहिती जोडायचा मोह झाला तर तिथेही जपा: त्या वर्षी पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा) आलं, बेस मोठे झाले, क्षेत्ररक्षणाच्या शिफ्टवर (क्षेत्ररक्षक एका बाजूला गोळा करण्यावर) बंधनं आली आणि बेस चोरण्याचं प्रमाण वाढलं. पहिल्या बेसवरचा खेळाडू आता दुसऱ्यावर जास्त सहज जातो, तेव्हा 'पहिला बॅटर पोचला तर' हा आकडाही सरकला.

तुम्ही शेवटी विचारलंय की यातून पैसे निघतात का. भारतात हा प्रश्नच येत नाही, पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे. जिथे परवानगी आहे तिथलं गणित बघा: एका बाजूचा भाव उणे १२० असेल, म्हणजे १०० जिंकायला १२० लावावे लागत असतील, तर बरोबरीत राहायलाच ५४.५ टक्के जिंकावं लागतं. वर आपण सर्वज्ञ मॉडेलला ५४ दिले होते. निवडक सामन्यांत फरक सापडू शकतो, पण भाव लावणाऱ्यांकडेही हेच आकडे असतात, आणि ऑर्डर जाहीर झाल्यावर ते तुमच्या आधी हलतात.

प्रोजेक्टमध्ये हो-नाही काढून टाका आणि टक्केवारी सांगणारं साधं लॉजिस्टिक मॉडेल घ्या, दोन हाफांसाठी दोन. वेळ असेल तर वरच्या चार बॅटरांचा एकेक करून सिम्युलेशन लिहा, तीन आउट किंवा पहिला रन झाला की थांबायचं. त्यात ऑर्डर आपोआप मोजली जाते. निकाल दाखवताना अंदाजांचे गट करा: ज्यांना ४५ ते ५० म्हटलं त्यातल्या किती सामन्यांत खरंच रन झाला नाही, ५० ते ५५ मधल्या किती. गट चढत्या क्रमाने चढले तर तुमच्याकडे काहीतरी आहे, मग अचूकता ५३ का असेना.

पुढचं विचारण्याआधी एक काम करा. एप्रिल २०२४ मधला कुठलाही एक सामना घ्या, त्याच्या ओळीत पिचरचा जो आकडा आहे तो कुठल्या तारखेपर्यंतचा आहे ते कोडमध्ये शोधा आणि इथे लिहा. तो सप्टेंबरचा निघाला तर बाकीची चर्चा त्यानंतर करू.